मामांचं आठचं रील

माझ्या मामांनी उभ्या जन्मात कुठल्याही माणसाची पारख त्याच्या पैशावरून किंवा कपड्यांवरून केली नाही. केली ती फक्त गिअरवरून. राजारामपुरीत त्यांचं मोटार ड्रायव्हिंग स्कूल होतं आणि रविवारी मासे धरण्याचं वेड होतं, त्यामुळे आठवड्याचे सातही दिवस तोंडात गिअरच. मी भराभर जेवायला लागलो की म्हणायचे, "लेका, टॉप गिअरवर कशाला जेवतोस? नरड्यात अडकंल की!" एकदा मुलगी बघायला आलेल्या मुलाचं बोलणं ऐकून सगळ्यांदेखत म्हणाले, "पोरगं चांगलं हाय, पण बोलतंय टॉपवर. चढ लागला की बंद पडणार." ते स्थळ तिथंच मोडलं. मुलगी मामांची नव्हतीच हो, शेजाऱ्यांची होती! त्या शेजारीणबाई पुढे कित्येक दिवस मामींशी बोलत नव्हत्या.

मामींनी डब्यांसाठी करून घेतलेल्या कपाटात मामांची गळाची रीलं असायची, त्यांनाही गिअर. पाचचं, सहाचं, आठचं. हँडल एकदा फिरवलं की दोरी गुंडाळणारी चकरी पाच वेळा फिरते ते पाचचं. हे सावकाश, पण ताकदीचं. खोल बुडी मारणारा जड नकली मासा ओढायचा तर हेच. आठचं चपळ, पाण्यावरून रबरी बेडूक तुरुतुरु पळवावा तर त्यानंच, पण त्याच्या अंगात जोर कमी. गडमुडशिंगीकडच्या एका तळ्यावर आम्ही जायचो. तिथं मामा पाणी बघून, ऊन बघून, वारा बघून रील ठरवायचे, बसवायचे, पुन्हा काढायचे. तेवढ्यात तळ्यातला मासा आजोळी जाऊन परत येत असेल. मी कधी कंटाळून पाचच्याच रीलवर हात जोरात चालवला की तळ्याच्या पलीकडं धुणं धुणाऱ्या बायका दचकतील अशा आवाजात ओरडायचे, "हाताला घाई न्हाय! हात हाय तसा ठेवायचा, रील बदलायचं! किती येळा सांगू रं तुला?"

आणि एक कायदा होता. आपल्या गळाला लागलेला मासा आपणच काढायचा, दुसऱ्याच्या रीलला बोट लावायचं नाही. स्वतः मात्र गाडी शिकणाऱ्याच्या स्टेअरिंगला चौकाचौकात हात घालायचे, तो भाग वेगळा. एकदा चंदगडकडचे एक पाहुणे बरोबर आले होते. मामांना मोठा मासा लागला तेव्हा त्या भल्या माणसानं मदत म्हणून हँडलला हात लावला. मामांनी खिशातून चाकू काढला, दोरी कापली आणि म्हणाले, "घ्या पावणं, तुमचा मासा." मासा अर्थातच कुणालाच मिळाला नाही. पाहुणे जेवायलाही थांबले नाहीत.

गेल्या वर्षी मामांना लकव्याचा झटका आला. बोलणं सावरलं, पाय सावरला, उजवा हात मात्र मागंच राहिला. हालायचा, पण सावकाश, आणि बोटांत जीव नाही. ड्रायव्हिंग स्कूल दुसऱ्याला चालवायला दिलं, त्याचं त्यांना काही वाटलं नाही. पण हँडल उजव्या हातानं फिरवायचं! ते डावीकडं बसवून पाहिलं, तर मग रॉड उजव्यात पेलेना. गॅलरीत बसून नुसतं रिकामं रील फिरवत राहायचे.  आपला मासा आपल्याला काढता येईल का, एवढा एकच घोर त्यांना लागला होता. मग एके दिवशी त्यांचा मला फोन आला. आवाज पहिल्यासारखा खणखणीत. "हात हळू झालाय न्हवं? मग रील आठचं लावायचं! साधा हिशोब हाय की!"

तळ्यावर गेलो. मामांनी डाव्या हातानं गळ टाकला आणि अधू हातानं सावकाश हँडल फिरवायला लागले. काय सांगू, बेडूक पाण्यावरून अगदी पूर्वीसारखा पळाला! "बघ! कुठं हाय लकवा?" मामा हसत होते आणि मला रडू फुटायचं तेवढं बाकी होतं. पुन्हा टाकला, पुन्हा पळाला. आणि मग शेवाळातून उसळी मारून मरळीनं बेडूक गिळला.

रॉड वाकला. मामांनी हँडल फिरवलं, ते फिरेना. अंग टाकून बघितलं, दात आवळून बघितलं. पाचचं लावावं तर त्या हातानं बेडूक पळेना, आठचं लावावं तर मासा हलेना. हे त्यांना आधी कळलं नसेल? सगळ्या जगाला त्यांनीच तर शिकवलं होतं! पण माणसाला एखाद्या दिवशी कळून घ्यायचं नसतं. मी शेजारी दोन्ही हात मागे बांधून उभा होतो. मामा माझ्याकडं न बघता हळूच म्हणाले, "घाटात टॉप टाकलाय रं मी."

रॉड माझ्यापुढं केला. मग म्हणाले, "धर."

मी हललो नाही.

"धर की लेका. जाईल ती."

मी हँडल फिरवलं, मरळ काठावर आली. हातभर लांब, काळी, तडफडणारी. मामा पलीकडच्या झाडांकडं बघत होते. रात्री मामींनी झणझणीत कालवण केलं, मामांनी तारीफ केली ती नुसत्या कालवणाची. 

अजून आम्ही रविवारी जातो. मामा खुर्चीवर बसतात, रॉड माझ्याकडं असतो. मी मुद्दाम चुकीचं रील लावतो. पाचच्या रीलवर हात भरारा चालवतो, बेडूक कसाही फरपटवतो आणि कान त्यांच्याकडं ठेवतो. वाटतं, आता ओरडतील, आता एखादी शिवी हासडतील. एकदा तर न राहवून मीच विचारलं, "मामा, चुकायलंय न्हवं माझं?"

मामा पाण्याकडं बघत म्हणाले, "न्हाय रं. ब्येस फिरवायलाईस."