वहिनी मतदानाला निघाल्या

टेकूचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. बायकोचं अंग पुसायचं, तिला खिडकीशी बसवायचं, हाताशी जेवण-पाणी ठेवायचं. मग चार मजले उतरून धान्याच्या बाजारात. आम्ही एकाच टोळीतले हमाल. दमला तरी तो पाठीवरचं पोतं जमिनीवर ठेवत नसे. कमरेइतका कठडा शोधून त्यावर टेकवायचा. "खाली ठेवलं की उचलायला दुप्पट जीव लागतो," म्हणायचा. त्यावरून टेकू. त्याचं म्हणणं खरं होतं.

वहिनींच्या कमरेखालचं बळ एका तापात गेलं होतं. खोली चौथ्या मजल्यावर, कारण वर भाडं कमी. एकदा मी म्हटलं, "वहिनी, सुट्टीच्या दिवशी याच्या पाठीवर बसून फिरून या की."

"भावजी, सुट्टी यांच्या पाठीची असते. तिच्यावर मी कशी बसू?"

मतदानाची गोष्ट वेगळी. स्वतःसाठी त्यांनी कधी काही मागितलं नाही, पण मत देणं कर्तव्य, त्यासाठी मागता यायचं. मग टेकू त्यांना चादरीनं पाठीशी बांधून खाली आणायचा. समोरच्या शाळेत मत द्यायचं आणि नंतर दिवस मावळेपर्यंत फाटकाजवळच्या बाकावर बसायचं. येणारी-जाणारी माणसं बघायची. मग पुन्हा पाच वर्षं खिडकी.

पण आमच्या आमदारानं निम्मी मुदतही न भरता राजीनामा दिला आणि पक्ष बदलला. जागा रिकामी झाली. नाक्यावर सगळे चिडले. "आपलं मत म्हणजे काय उसनी वाटी, परत करायला?" पोटनिवडणूक लागली आणि वहिनी खाली आल्या. नवा निवडून आला, त्यालाही वर्षभरात मोठी खुर्ची दिसली. त्यानंही राजीनामा दिला.

"गुणाची माणसं हो," वहिनी म्हणाल्या. "अशीच निवडून द्यावीत."

या वेळी मात्र टेकूचा गुडघा गेला होता. लोकांना वाटतं ओझं घेऊन चढणं अवघड. चढताना दम लागतो, एवढंच. उतरताना सगळा भार गुडघ्यावर येतो. पाठ रिकामी असली तरी टेकू कठडा धरून उतरायचा.

निवडणूक कचेरीतली बाई घरी येऊन म्हणाली, "आजींचं मत आम्ही इथंच येऊन घेऊ." टेकूला हायसं वाटलं. वहिनी नुसतं "बरं" म्हणाल्या.

तेव्हापासून त्यांचं जेवण कमी झालं. टेकू बाजारात मला म्हणाला, "घरबसल्या मत मिळतंय, तरी तोंड पाडून बसलीय. तू विचार."

मी गेलो. वहिनी खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "मत काय, पेटीत पडेल. रस्ता घरी कसा आणतील?" मग माझ्याकडे वळून, "यांना सांगू नका हं. गुडघा बघितलात ना?"

मी थेट बाजारात जाऊन सांगितलं.

टेकूनं पाठीवरचं पोतं कठड्यावर टेकवलं. मी म्हटलं, "मी आणतो पाठीवर."

"तुझी कंबर माझ्या गुडघ्याच्या वरताण आहे. पाडशील माझी बायको." अवजड पेटी हलवण्याआधी तो तिच्याभोवती फिरायचा, तसा दिवसभर विचार करत राहिला. संध्याकाळी कचेरीत निरोप दिला, आम्हीच येतो.

मतदानाच्या दिवशी ते बसून उतरले. वहिनी वरच्या पायरीवर, टेकू खालच्या. तो त्यांचे पाय उचलून खाली ठेवायचा, त्या हातांवर भार देऊन मागून सरकायच्या. पुन्हा पुढची पायरी. मी मागून खांदे धरले होते, फार उपयोग नव्हता.

शेजारीण वरून उतरत म्हणाली, "जिन्यातच संसार मांडलात की काय?"

"मांडलाय," वहिनी म्हणाल्या. "पण पाहुणे फार तुडवतात बाई."

टेकू घामानं निथळत होता. वहिनी म्हणाल्या, "सावकाश हो. आमदार काही पळून जात नाही."

"आपला जातोच!"

दोघं इतके हसले की पायरी चुकली असती. मी ओरडलो.

खाली टोळीतले तिघं खुर्ची घेऊन उभे होते. मत झालं. मग वहिनी त्या बाकावर दिवे लागेपर्यंत बसल्या. कुणाचं मूल मोठं झालं, कुठलं झाड तोडलं, सगळं टेकूला दाखवत होत्या, जणू तोच चौथ्या मजल्यावर अडकलेला.

उतरताना खुर्ची पुढे कलंडते, चढताना नाही; म्हणून वर मात्र खुर्चीसकट त्यांना आम्ही चौघांनी नेलं. टेकू मागून आला, दारात टेकला आणि जिन्याकडे बघत मला म्हणाला, "आता येईल तो मुदत संपेपर्यंत चिकटून बसला तर?"

त्यानंतर तो काट्यावर पोती लावायच्या हलक्या कामाला गेला, पण एक दिवस चुकवला नाही. विडी सोडली. हमाली सुटल्यावर हातात आलेल्या फंडाच्या पैशातून त्यानं तळमजल्यावर एक खोली घेतली. दमट आहे. समोर सायकलवाला दिवसभर ठोकाठोक करतो. दाराला एक पायरी होती, ती टेकूनं स्वतः छिन्नीनं फोडली आणि तिथं रस्त्यापर्यंत उतार केला.