पलटणीची चाल

डॉक्टरांनी माझ्या मुलीला सांगितलं, "बेटा, जरा टाचांवर चालून दाखव. पंजे वर उचलून." तिनं दोन पावलं टाकली आणि भिंत धरली. मला राहवलं नाही. एवढी बारा वर्षांची घोडी, आणि टाचांवर चालता येत नाही? बापाला लाज वाटली. "अगं, त्यात काय एवढं! हे बघ, असं," म्हणत मी खुर्चीतून उठलो आणि पंजे उचलले आहेत अशा समजुतीत ऐटीत निघालो. पंजे उचललेच गेले नव्हते. तिसऱ्या पावलाला वजनकाट्याला अडखळलो आणि तपासणीच्या पलंगावर पालथा पडलो. पेशंट म्हणून नक्की कोणाला आणलंय, असा प्रश्न पडावा इतका व्यवस्थित.

मुलगी हसली. नर्स तोंडाला पदर लावून हसली. डॉक्टर मात्र हसले नाहीत. माझ्या पायांकडे बघत गुजरातीत म्हणाले, "भाई, तमे पण बूट काढो ने."

तर असा मी पालक म्हणून गेलो आणि पेशंट होऊन परतलो.

गेलो होतो ते मुलीच्या खो-खोपायी. आमच्या भागातल्या व्यायामशाळेच्या संघात ती होती. पण दिवाळीपासून तीनदा घोटा मुरगळला, आणि खांबाला वळसा घालताना तर ती हमखास पडायची. शेवटी तिथल्या सरांनी संघातून नाव काढलं आणि चिठ्ठी पाठवली, मुलीचे पाय एकदा मोठ्या डॉक्टरांना दाखवा.

खरं तर निदान आमच्या घरी आधीच झालेलं होतं. ते मीच केलं होतं. माझी बायको सांगलीची. तिचा भाऊ एकदा उभ्या स्कूटरवरून पडला होता. तेवढ्या पुराव्यावर मी जाहीर केलं होतं, की मुलीचा वेंधळेपणा आजोळचा. ती कुठं धडपडली की मी आतल्या खोलीतून ओरडायचो, "सांगली कोसळली!" पहिली काही वर्षं बायको हसायची. नंतर हसेनाशी झाली. ती हसेनाशी झाल्याचं माझ्या लक्षात यायलाही बरीच वर्षं लागली.

डॉक्टरांनी माझी पावलं हातात घेऊन पाहिली. कमान इतकी उंच, की खालून बॉलपेन आरपार जावं. बोटं आत वळलेली. पोटऱ्या खाली एकदम बारीक, उलट्या ठेवलेल्या बाटलीसारख्या. त्यांनी विचारलं, "तुमच्या घरात आणखी कोणाची चाल अशी आहे?"

आता हा प्रश्न मला विचारायचा म्हणजे! मी छाती काढून सांगितलं, की डॉक्टरसाहेब, आमच्या अख्ख्या घराण्याची चाल अशीच. पणजोबा इथल्या संस्थानच्या फौजेत शिपाई. त्यांनी इतकी वर्षं परेड केली, की गुडघा उचलून पाऊल टाकायची सवय रक्तात उतरली. आजोबा घडियाळी पोळातून, म्हणजे आमच्या जुन्या गल्लीतून, निघाले, की दुकानदार म्हणायचे, "पलटण आली." माझे वडील कोथिंबीर आणायलासुद्धा संचलन करत जायचे. मी सप्तपदी चाललो तेव्हा करवल्या खुदुखुदु हसल्या होत्या, आणि मला वाटलं होतं, माझ्या रुबाबानं लाजल्या.

डॉक्टरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "रक्तात उतरली, हे बरोबर. परेडचं मला सांगता येणार नाही."

मी वीज खात्यातला, हे कळल्यावर त्यांनी मला माझ्याच भाषेत समजावलं. पाठीच्या कण्यापासून पायाच्या बोटापर्यंत नस जाते, ती वायरच समजा. वर वेष्टण. हा घराण्यात उतरणारा नसांचा आजार. त्याच्या जाती पुष्कळ, पण जास्त आढळणाऱ्या जातीत होतं असं, की ते वेष्टण बनवण्याचा जो मजकूर आई-बापांकडून येतो, त्याची एक प्रत जादा येते. दोन हव्यात, तिथं तीन. मग माल गरजेपेक्षा जास्त बनतो, आणि जास्त झाला म्हणूनच वेष्टण नीट बसत नाही, सोलवटतं. प्रवाह मंदावतो. सगळ्यात लांब वायर पायाची, म्हणून आधी पाय.

"मग वरून टेप नाही का मारता येत?" मी विचारलं. मला खरोखरच वाटलं होतं, असेल काहीतरी.

"टेप अजून कुठं मिळत नाही," ते म्हणाले. परदेशात उंदरांना व्हिटॅमिन सी देऊन बघितलंय, उंदरांना बरं वाटलं, माणसांचं अजून ठरायचंय. ती जादा प्रत गप्प कशी करायची, यावरही लोक डोकं लावून बसलेत. आज हातात आहे ते म्हणजे बरे बूट, घोट्याला आधार आणि रोजचा व्यायाम. जिवाला धोका नाही. मी त्याच दिवशी आवळे आणले आणि महिनाभर खाल्ले. वेष्टणाचं माहीत नाही, दात मात्र आंबले. काही वर्षांनी त्यांनीच सांगितलं, की माणसांना काही उपयोग दिसला नाही.

निघताना मी दारात थांबून हळूच विचारलं, "माझ्यामुळे तिला?"

"निम्मी शक्यता," ते म्हणाले. "प्रत्येक मुलाच्या वेळी निम्मी. देणाऱ्याला कळत नाही, अडवता तर येतच नाही." मग चिठ्ठीच्या पाठीवर घराण्याची वंशावळ म्हणून चौकोन आणि गोल काढून दिले. पुरुषांना चौकोन, बायकांना गोल. ज्यांची चाल अशी, त्यांचे काळे करून आणा.

घरी बायकोनं विचारलं, "काय म्हणाले?" ती शाळेत शिक्षिका, परीक्षा चालू होत्या म्हणून आली नव्हती. मी म्हटलं, "तपासण्या करायच्यात." कोणाच्या, ते बोललो नाही. मुलीला वाटेतच आइस्क्रीम देऊन फितवलं होतं.

चौकोन-गोल भरायला मी आत्याकडे गेलो. पोळातल्या जुन्या घरी ती एकटी राहायची, आणि पंचाहत्तरीतही भाजीला स्वतः जायची, गुडघे उचलत, पाऊल फटकन टेकवत.

"आत्या, आपल्याकडे कोणाला पायाचं काही दुखणं होतं?"

"आपल्याकडे? छे! आपण पलटणीतली माणसं. चहा घेतोस ने?"

मी कागद पुढं केला. तिनं चष्मा लावून तो बराच वेळ बघितला. मग विचारलं, "पोरीचं काय?" मी सांगितलं. तिनं साडीचा काठ जरा वर करून स्वतःचं पाऊल माझ्यासमोर ठेवलं. माझंच पाऊल, फक्त जास्त सुरकुतलेलं.

"परेड-बिरेड काही नाही रे," ती म्हणाली. "तुझ्या पणजोबांना परेडमधून काढलं होतं. चालता चालता अडखळायचे, सगळी रांग बिघडायची. मग कोठारावर बसवलं, गणवेश मोजायला. ते कधी घरी बोलले नाहीत. माझ्या आजीनं मला सांगितलं, आणि वर म्हणाली, पुरुषांना सांगू नकोस, त्यांना वाईट वाटेल."

"म्हणजे तुला एवढी वर्षं ठाऊक होतं?"

"तुम्ही सगळे मिशीला पीळ देत सांगायचात, छान वाटायचं ऐकायला. कशाला मोडायचं?" मग पेन्सिल माझ्या हातात देत म्हणाली, "माझा गोल काळा कर. नीट भर हो, अर्धवट नको."

नसांची तपासणी फतेगंजमधे झाली; पायाला झटके देऊन नसेतल्या प्रवाहाचा वेग मोजतात. शॉक बसू नये म्हणून वीस वर्षं जपलेला मी, आपण होऊन शॉक घ्यायला झोपलो. पण आधी मुलीची पाळी होती. तिला धरायला मी बोट दिलं. प्रत्येक झटक्याला ती बोट आवळायची आणि म्हणायची, "काही नाही बाबा, मुंग्या चावल्यासारखं." मला वाटत होतं, माझा आकडा कितीही वाईट येऊ दे, तिचा वेगळा येऊ दे. फक्त वेगळा. देवाचं नाव घ्यायला गेलो आणि चक्क सांगलीचं घेतलं. म्हटलं, हिला सगळं आजोळचंच मिळालेलं असू दे.

दोघांचाही वेग मंद आला. रक्त बाहेरगावी पाठवलं होतं, त्याचा कागद महिन्याभरानं आला. तीच जादा प्रत, माझ्यात आणि तिच्यात.

तो कागद घेऊन मी डॉक्टरांच्या सयाजीगंजातल्या दवाखान्यातून चालत निघालो. रिक्षावाले हाका मारत होते, "बेसो ने, काका." मला वेळ हवा होता. वाक्य जुळवत होतो. घरी पोहोचेपर्यंत चार वाक्यं तयार झाली होती, आणि दारात चप्पल काढताना चारही विसरलो.

बायको जमिनीवर बसून ओल्या तुवेरीच्या शेंगा सोलत होती. मुलगी आत अभ्यास करत होती. मी समोर बसलो आणि कागद शेंगांच्या ढिगावर ठेवला.

"हे काय?"

"माझ्याकडून आलंय," मी म्हटलं. "तिच्या पायांचं. माझ्याकडून, बाबांकडून, पार पणजोबांपासून. तुझ्याकडचं काहीसुद्धा नाही. मी इतकी वर्षं उगाच सांगली-सांगली करत होतो. मला माफ कर."

तिनं कागद वाचला. समजलं नाही तिथं बोट ठेवून विचारलं. मी चौकोन-गोल दाखवले, बरं करणारं औषध आज नाही हेही सांगितलं. जिवाला धोका नाही, हे तीनदा सांगितलं, कारण तिनं तीनदा विचारलं. मग ती खाली बघून पुन्हा सोलायला लागली. एक शेंग, दुसरी, तिसरी. मी तयारीत होतो. ओरडली असती तर बरं वाटलं असतं मला.

"कागदात काय आलंय, ते तिला सांगितलंत?" तिनं विचारलं.

"नाही अजून."

ती उठली, पदराला हात पुसले. आतल्या खोलीच्या दाराशी थांबली, आणि वळून म्हणाली, "माफी मागायची ती माझी नाही, तिची. दर वेळी पडली की मी तिच्यावर ओरडले आहे, जमिनीकडे बघ म्हणून. एकदा तर पाठीत धपाटापण घातलाय. तेव्हा आधी मी जाते. तुमचा नंबर नंतर."