पुरावा मागणाऱ्या बाई

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याच्या उत्तर भागात, लोखंडाच्या खाणींच्या गावातल्या छोट्या कॉलेजात मार्लिस हौतालाबाईंची उभी हयात निबंध शिकवण्यात गेली. आधी शोधा, मग बोला, हे त्यांचं पालुपद. भाषा कितीही रसाळ असो, खाली पुरावा नसेल तर ती नुसती वाफ, असं त्या म्हणत. म्हणून लिहिण्याबरोबरच त्या शोधायलाही शिकवत: हे कोण म्हणतंय, त्यात त्याचा काय फायदा, दुसऱ्या कुणाला तेच आढळलं का? पोरं टिंगल करायची, "बाईंना गुड मॉर्निंग म्हटलं तरी विचारतील, कशावरून?"

एका हिवाळ्यात त्यांच्या वर्गात कॉलीन ब्रोझिच आली. चाळिशीतली, वृद्धाश्रमात काम करता करता नर्सिंगच्या शिक्षणाकडे वळलेली. तिचा नवरा डेल खाणीत मोठा ट्रक चालवायचा. नसांच्या आजारानं आधी त्याचे हात गेले, मग पाय, आता घास गिळणंही जड झालं होतं. कॉलीननं निबंधाला विषय निवडला तो परदेशातल्या एका दवाखान्याचा. तिथल्या औषधाच्या सुयांनी हा आजार बरा होतो, विमा कंपन्यांनी तो खर्च द्यायला हवा, असं तिला मांडायचं होतं. घर विकून डेलला तिथं न्यायचं दोघांचं ठरत आलं होतं.

शोधलं तर काय सापडेल, याचा बाईंना अंदाज होता. विषय बदल म्हणून त्यांनी दोनदा सुचवून पाहिलं. कॉलीन म्हणाली, "ज्याचं उत्तर मिळाल्याशिवाय झोप लागणार नाही तोच प्रश्न घ्या, असं तुम्हीच सांगितलंत ना?"

मग बाईंनी शिकवलं, जसं सगळ्यांना शिकवत तसंच. कॉलीन भराभर शिकली. सुयांचे गोडवे गाणारं नियतकालिक त्या दवाखान्याच्याच मालकाचं निघालं. तिथल्या डॉक्टरांचा शोध बाहेरच्या कुणीच पडताळलेला नव्हता. दवाखान्याच्या व्हिडिओत बरी झालेली एक बाई हसत चालून दाखवायची. कॉलीननं तिचं नाव तिच्या गावच्या वर्तमानपत्रात शोधलं, आणि ते मृत्यूच्या बातम्यांत सापडलं.

हौतालाबाई कॉलेजच्या ग्रंथालयात पोचल्या तेव्हा कॉलीन अंगातला कोटही न काढता पडद्यासमोर बसली होती.

"व्हिडिओत हसतेय ना, तीच ही," ती म्हणाली. "आता घरी जाऊन डेलला काय सांगू?"

"मला नाही गं माहीत."

"नुसतं लिहायला शिकवलं असतंत तर काय बिघडलं असतं?"



त्यानंतर बाई स्वतःच शोधू लागल्या. कुठं एखादा खरा प्रयोग, एखादं बरं झालेलं माणूस, काहीही चालणार होतं. मोठ्या इस्पितळांतल्या डॉक्टरांना त्यांनी विचारलं. जे बोलले ते नाहीच म्हणाले. उत्तर आधी ठरवून पुरावा हुडकू नका, असं जन्मभर बजावणाऱ्या बाई नेमकं तेच करत होत्या. ते त्यांना कळत होतं, तरी हात थांबत नव्हता.

कॉलीननं निबंध दिला तो चक्रावून टाकणारा होता. दवाखान्याची भलामण, खोटे ठरलेले सगळे आधार जागच्या जागी, आणि भाषा अशी की वाचता वाचता बाईंनाच क्षणभर खरं वाटलं. त्यांनी तिला बोलावून घेतलं.

"तुला तर ठाऊक आहे सगळं."

"हा तुमच्यासाठी नाहीच, बाई. डेलसाठी लिहिलाय. रोज वाचून दाखवते. तिथली रांग मोठी आहे, उन्हाळ्यात आपला नंबर लागेल, असं सांगितलंय त्याला. तुम्ही खुशाल नापास करा."

बाईंनी तो निबंध तपासलाच नाही. नापासही करवेना, पासही करवेना.

तळ्यावरचा बर्फ वितळायच्या आत डेल गेला. अंत्यविधीनंतर चर्चच्या तळघरात जेवण होतं. डेलची म्हातारी आई बाईंजवळ येऊन बसली आणि तिनं त्यांचा हात हातात घेतला.

"सुनेला एवढं छान लिहायला तुम्हीच शिकवलंत म्हणे," ती म्हणाली. "शेवटच्या दिवशीसुद्धा त्यानं तेच वाचायला लावलं. उन्हाळ्यात मी चालणार, म्हणायचा. देव तुमचं भलं करो."

पलीकडच्या टेबलावर कॉलीन लोकांना कॉफी ओतून देत होती. बाईंच्या टेबलाकडे ती आलीच नाही, आणि पुढच्या सत्रात तिनं नावही घातलं नाही.