डाव्या हातावरचा बांगडा

पुरवणीच्या संपादकांनी नखांवर लेख मागितला तेव्हा लग्नसराई भरात होती आणि माझ्याकडे नाही म्हणायला कारण नव्हतं. आठशे शब्द, एक चौकट, फोटो ज्याचा त्याने आणायचा. मी तालुक्याच्या गावातल्या त्वचारोगाच्या डॉक्टर बाईंना भेटले. त्यांनी सांगितलं ते असं. बोटाचं नख मुळापासून टोकापर्यंत नवं यायला साधारण सहा महिने लागतात. मोठा ताप येऊन गेला की नखावर आडवी रेघ उमटू शकते आणि ती नखाबरोबर पुढे सरकत जाते. अंगात लोह कमी पडलं तर नख चमच्यासारखं खोलगट होतं. पांढरे ठिपके बहुधा बोट कुठेतरी आपटल्याचे असतात, कॅल्शियमचा त्यात फारसा हात नसतो. नखाच्या बुडाशी कातडीची बारीक किनार असते, ती आत पाणी शिरू देत नाही. हात सतत ओले राहिले की ही किनार सुटते आणि बोट सुजतं.

"अशा हातांचा फोटो कुठे मिळेल?" मी विचारलं.

"मासळी बाजारात," त्या म्हणाल्या.

मासळी बाजारात माझी आत्या बसायची. लग्न झालं तेव्हापासून बर्फ, खारं पाणी आणि कोलंबीची टोकं यांच्यात तिचे हात होते. नखं पिवळट, टोकाला फुटलेली, बुडाशी सुजलेली. कुटुंबाच्या कुठल्याही फोटोत आत्याचे हात दिसत नाहीत. कॅमेरा निघाला की ते पदराखाली जात. मी फोटो मागितला तेव्हाही तिने हात पदरात घेतले.

"तोंडाचा काढ. तोंड बरं हाय."

"लेख नखांवर आहे आत्या."

"मग लिव की, तोंड बरं व्हतं म्हणून."

तिच्या एकुलत्या एका मुलाचं लग्न ठरलं होतं. मुलगी नागावची. तिथे पर्यटकांच्या नखांना रंग आणि आकार देण्याचं तिचं छोटं पार्लर होतं. हे कळल्यावर आत्याने पहिल्याच भेटीत विचारलं होतं, "नखं रंगवून पोट भरतं व्हय गो?"

"शनिवार-रविवार भरतं मावशी," मुलगी म्हणाली. "सोमवारपासून डाळभात."

आत्याला उत्तर आवडलं. साखरपुड्यानंतर मुलीने आत्याचा हात स्वतःच्या हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि तिला त्याच डॉक्टर बाईंकडे धाडलं. मलम लावून सूज उतरेपर्यंत तिने ब्रशला हात लावला नाही. मग एका दुपारी तिने आत्याला समोर बसवलं. दोघी उठल्या तेव्हा आत्याच्या दहाही नखांवर गडद निळ्या जेल पॉलिशचा थर होता आणि प्रत्येक नखावर चंदेरी रंगात एक मासा. अंगठ्यांवर सुरमई, कारण अंगठा रुंद. तर्जनीवर बांगडा, मधल्या बोटावर पापलेट, त्याशेजारी रावस, करंगळीवर मांदेली. दोन्ही हातांवर तेच.

त्या दिवसापासून आत्याने पदराखाली काहीही लपवलं नाही. बाजारात ती मासळी दाखवताना नखाने दाखवू लागली. "बांगडा होना? ह्यो बघा, असा." गिऱ्हाइकं हसायची आणि बांगडा घ्यायची. मासे साफ करायचं काम तिने शेजारणीवर सोपवलं. शेजारीण म्हणाली, "आता हिला पंखा घाला कोनीतरी."

अपघात रेवसच्या धक्क्यावर झाला. भाऊच्या धक्क्यावरून येणाऱ्या लाँचमधून आत्याच्या दोन नणंदा लग्नाच्या साड्यांची गाठोडी घेऊन येत होत्या. ओहोटी होती, त्यामुळे खालच्या पायऱ्या उघड्या पडल्या होत्या आणि त्यांवर शेवाळ होतं. आत्या त्यातल्याच एका पायरीवर उभी राहिली. लाँच जवळ येताच तिने दोन्ही हात डोक्यावर नेले आणि बोटं फाकवली. लाँचमधून आरोळी आली. अंगठेही दिसावेत म्हणून तिने हात वळवले, त्याबरोबर पाय सटकला. पुढच्या तपशिलांबद्दल प्रत्यक्षदर्शींत मतभेद आहेत. एका मुद्द्यावर मात्र सगळ्यांचं एकमत आहे: पडताना आत्याने हात टेकले नाहीत. ते शेवटपर्यंत वर होते.

"हात टेकले असते तर नखं गेली असती ना," तिने नंतर सांगितलं.

नखं वाचली. उजव्या नडगीचं हाड मध्यावर पिळून मोडलं.

हाडांच्या हॉस्पिटलमधले डॉक्टर तरुण होते. त्यांनी एक्स-रे उजेडावर धरला आणि दोन मार्ग सांगितले. प्लॅस्टर केलं तर बरेच आठवडे पाय टेकायचा नाही. हाडात रॉड घातला तर वॉकर धरून लवकर उभं राहता येईल. कागदावर त्याला इंटरलॉकिंग नेल लिहितात, आमच्याकडे सगळे रॉडच म्हणतात. गुडघ्याच्या खालून हाडाच्या पोकळीत एक लांब पोकळ सळई सरकवतात आणि वर-खाली आडवे स्क्रू बसवून ती हाडाला पक्की करतात.

आत्याचा एकच प्रश्न होता. आमच्या आळीत हळद लग्नापेक्षा मोठी. लग्नाला न येणारा माणूस हळदीला येतो. आळीत आजवर झालेल्या एकूण एक हळदीत आत्या नाचली होती. बेंजोवाले तिला ओळखत, तिने पदर खोचल्याशिवाय मोठं गाणं काढत नसत. आता तिच्या स्वतःच्या मुलाची हळद येत्या शनिवारच्या पुढच्या शनिवारी होती.

"डाक्टर, हळदीला मी उभी ऱ्हाईन का न्हाय?"

"रॉड घातला आणि सगळं नीट झालं तर वॉकर धरून, थोडा वेळ."

"आनि नाच?"

"नाचायचं नाही."

"एकाच पायावर?"

"आजी..."

"आजी कोनाला बोलता? पोराचं लगीन व्हयाचं हाय अजून."

"मावशी," डॉक्टरांनी दुरुस्ती केली, "नाचायचं नाही."

आत्याने रॉड घ्यायचं ठरवलं. आधी उभं तर राहू, पुढचं पुढे, असा तिचा हिशेब होता. दुसऱ्या दिवशी सकाळी भूल देणारे डॉक्टर तपासायला आले आणि त्यांची नजर हातांवर थांबली. शस्त्रक्रियेच्या वेळी रक्तातला प्राणवायू मोजायला बोटाला चिमटा लावतात. त्याचा उजेड नखातून आरपार जावा लागतो. गडद रंगाच्या जाड थरातून आकडा चुकू शकतो.

"एक तरी नख मोकळं करा," ते म्हणाले. "त्याशिवाय मी यांना आत घेणार नाही."

"पायाच्या बोटाला लावा ना," आत्या म्हणाली.

त्यांनी चादर वर केली. पायाच्या पाचही बोटांवर कोलंब्या होत्या.

डॉक्टरांनी चादर खाली सोडली. "पायाचं नको, हाताचं कुठलंही द्या," ते म्हणाले, "पण द्या. दुपारी नंबर आहे."

ते गेल्यावर खाटेभोवती बैठक भरली. हजर: दोन नणंदा, आतोबा, मी आणि शेजारच्या खाटेवरची, मनगट मोडलेली एक बाई, जिला कोणी बोलावलं नव्हतं. उजवा हात पहिल्या मिनिटातच वगळला गेला. हळद उजव्या हाताने लावतात, तो पुरा हवा. राहिला डावा.

"मांदेली दे," थोरली नणंद म्हणाली. "मांदेलीला कोन इचारतंय?"

सगळ्यांना पटलं. मी नर्सला विचारून आले. करंगळी बारीक, चिमटा सरकतो, मोठं बोट द्या, असं तिने सांगितलं. बैठक पुन्हा बसली.

"सुरमई तर न्हायच," आत्या म्हणाली.

"सुरमई कोन मागतंय? पापलेट दे."

"पापलेट? घरचं लगीन नि पापलेट काढून देऊ?"

"मग रावस," धाकटी नणंद म्हणाली.

"तुझ्या लग्नात तुझ्या सासऱ्याने रावस ठेवला व्हता का?"

"हिचं सगलं तसंच," थोरली आमच्याकडे बघून म्हणाली. "पाय देल, मासा द्याची न्हाय."

शेजारच्या खाटेवरून आवाज आला, "बांगडा द्या ओ. बांगडा रोजचाच असतो."

आत्याने डाव्या तर्जनीकडे पाहिलं. बाजारात ज्या बोटाने ती सगळ्यांना मासा दाखवत होती त्याची ही डावी जोडीदार. "ह्याच्याखालचं नख लई वंगाळ हाय गो," ती मला हळूच म्हणाली. मग मोठ्याने म्हणाली, "न्या बांगडा."

आता तो निघायचा कसा, हा प्रश्न होता. साध्या नेलपॉलिशसारखं जेल पुसून जात नाही, हे माझ्या लेखाच्या चौकटीत होतं. ओरबाडून काढलं तर खालच्या नखाचे पापुद्रे निघतात, हेही होतं. ज्या मुलीने थर दिला तिनेच तो काढावा, हे उघड होतं. पण मांडवाचा मुहूर्त झाल्यावर नवरीने सासरी पाऊल टाकायचं नाही, अशी आमच्याकडे रीत आहे. हॉस्पिटल सासर होतं का, यावर नणंदांत वाद झाला. थोरलीच्या मते सासू जिथे, तिथे सासर. धाकटीने विचारलं, "मग काल ही धक्क्यावर पडली व्हती, तवा धक्का सासर का?" मी नागावला फोन केला.

फोन चालू असतानाच आतोबा निघून गेले होते. ते फायबरच्या होड्या दुरुस्त करतात. ते परतले तेव्हा त्यांच्या हातात एक पत्र्याचा डबा, रंगाचा ब्रश आणि पॉलिश पेपर होता. डब्याचं झाकण उघडताच वॉर्डभर वास गेला आणि मागोमाग नर्स आली.

"हे काय आहे?"

"होडीचं हाय. रेझिनचे ब्रश धुवाचं," आतोबा म्हणाले. "रेझिन निंगतं, तर ह्यो बांगडा काय चीज हाय?"

नर्सने डबा, ब्रश, आतोबा आणि आत्याची खाट, सगळं उघड्या गॅलरीत काढलं. त्याच गॅलरीत मुलगी धापा टाकत पोचली. नागावहून ती एका गिऱ्हाइकाचा एकच हात रंगवून निघाली होती. पिशवीत कानस, कापूस, चांदीचा कागद होता. जेल काढायच्या औषधाची बाटली मात्र रिकामी निघाली, घाईत भरायची राहिली होती. तिचं तोंड उतरलं. मग तिने नाक वर केलं, हुंगलं आणि आतोबांच्या डब्यात डोकावली.

"बाबा, हे ॲसिटोन आहे?"

"व्हय. आम्ही थिनरच बोलतो."

"आमचंही हेच असतं!" ती म्हणाली. "फक्त बाटली गुलाबी असते."

आतोबांनी भावी सुनेकडे प्रथमच नीट पाहिलं. "म्हंजे तुझा नि माझा धंदा एकच की गो."

दोघांनी मिळून काम केलं. वरचा थर तिने कानशीने हलका घासला. आतोबांनी कापूस भिजवून दिला. तिने तो नखावर ठेवून चांदीच्या कागदात बोट गुंडाळलं. थोड्या वेळाने कागद सोडला तेव्हा बांगडा फुगून सुटला होता. लाकडी काडीने तिने तो हळूहळू सरकवला. खालचं नख उघडं पडताच आत्याने मूठ मिटली.

"दाखव ना," मुलगी म्हणाली.

"नको बघू."

"मावशी, मी दहाही बघितलीत. तेव्हाच बघितली. तरी लग्न मोडलं नाही."

नणंदा इतक्या हसल्या की नर्स दुसऱ्यांदा आली. आत्याने मूठ उघडली. दुपारी तिला आत नेलं तेव्हा तर्जनी तिने सगळ्यांच्या पुढे धरली होती, मतदान करून आल्यासारखी.

शस्त्रक्रिया नीट झाली. नवा एक्स-रे आतोबांनी बराच वेळ न्याहाळला. "पाइप पोकळ हाय ना? बरं हाय, वजनाला हलका," ते डॉक्टरांना म्हणाले. "नि हे खालचे बोल्ट गंजाचे न्हाय ना? ही दिवसभर खाऱ्या पान्यात असती." डॉक्टरांनी गंजणार नाहीत असं सांगितलं. आतोबांनी त्यांना हळदीचं आमंत्रण दिलं. डॉक्टर येतो म्हणाले, आणि एका अटीवर आत्याला सोडलं: ते समोर बसतील आणि ती नाचणार नाही.

हळदीच्या संध्याकाळी आत्या वॉकर धरून उभी राहिली. मुलगा पाटावर बसला होता. एका हाताने वॉकर, दुसऱ्याने हळद. गाल, कपाळ, हात. तोवर तिला घाम फुटला होता. आम्ही तिला खुर्चीवर बसवलं आणि उजव्या पायाखाली स्टूल दिलं. पहिल्या रांगेत डॉक्टर वड्यांची ताटली घेऊन बसले होते. त्यांची नजर पायावर होती.

बेंजो सुरू झाला. बायांनी गोल धरला, दोन पावलं टाकली आणि आत्याकडे पाहिलं. तिचा पदर खोचलेला होता आणि ती हसत होती, पण तिचं हसू बघून कोणाचाच पाय उचलेना. गाणं संपलं. दुसरं लागलं, तेही तसंच गेलं. बेंजोवाल्याने वाजवता वाजवता मान वाकवून विचारलं, "आत्या, बंद करू?"

"बंद? तुझं कोन मेलंय?" आत्या म्हणाली आणि तिने दोन्ही हात वर नेले.

ती खुर्चीवर बसूनच नाचू लागली. आधी मनगटं, मग खांदे, मग मान. नऊ मासे आणि एक उघडं नख ट्यूबलाइटच्या उजेडात फिरू लागलं. स्टुलावरचा पाय तसूभर हलला नाही. थोरल्या नणंदेने जेवणाच्या रांगेतली एक प्लॅस्टिकची खुर्ची ओढली, आत्याच्या शेजारी टाकली, बसली आणि हात वर केले. धाकटीने दुसरी ओढली. मग खुर्च्या घसटत येण्याचा आवाज बेंजोपेक्षा मोठा झाला. मांडववाला ओरडत होता, "जेवाला कशावर बसनार?" बघता बघता मांडवात खुर्च्यांचा मोठा गोल झाला आणि त्यात सगळी आळी बसून नाचत होती. आतोबा इतके जोरात नाचले की त्यांच्या खुर्चीचा पाय मोडला. ते जमिनीवर बसून पुढे चालू राहिले.

डॉक्टर ताटली ठेवून उठले आणि गोलात आले. "मावशी, आपलं काय ठरलं होतं?"

"पाय हालतंय का बघा," आत्या म्हणाली. तिचे हात थांबले नव्हते.

डॉक्टरांनी वाकून पाय पाहिला. तो हलत नव्हता. ते सरळ झाले आणि त्यांना एवढ्या गोलात आपण एकटेच उभे आहोत हे दिसलं. कोणीतरी मागून त्यांच्या गुडघ्यांना खुर्ची टेकवली.

ते बसले.