मामांनी पोचवलेलं बोलणं

दुसऱ्याचं बोलणं नेमकं पोचवणारा माणूस अख्ख्या भाईंदरमध्ये एकच आहे, आणि तो मी नाही, हे मी पोटच्या मुलीचं ठरलेलं लग्न जवळजवळ मोडून सिद्ध केलं. झालं एवढंच, की बायकोने मला होणाऱ्या व्याह्यांना फोन करायला सांगितला. साखरपुडा दुपारी बाराऐवजी संध्याकाळी ठेवता येईल का, म्हणजे रत्नागिरीची मंडळी आरामात पोचतील. मी फोनवर म्हणालो, "हिला तुमची वेळ पसंत नाही." व्याह्यांनी फोन ठेवला. पुढचे चार दिवस व्याह्यांच्या इंद्रलोकमधल्या घरून ना फोन, ना मेसेज, आणि आमची लेक ताटातली पोळी नुसती चिवडत बसलेली.

शेवटी बायकोने आपल्या मामांना बोलावलं. मामा इंग्रजीचे निवृत्त मास्तर. जेसल पार्कच्या घरात अजून नववी-दहावीच्या शिकवण्या घेतात, आणि त्यातही डायरेक्ट-इनडायरेक्ट स्पीच असं रंगवतात, की गेल्या वर्षी पास झालेली पोरंसुद्धा पुन्हा येऊन बसतात. काळ बदला, सर्वनामं बदला, 'टुमॉरो'चं 'द नेक्स्ट डे' करा, हे सगळं ते एका तासात उरकतात. उरलेला आठवडा जातो तो 'सेड'च्या जागी काय घालायचं यावर. "वाक्य कुणीही फिरवेल रे. माणूस विनवतोय, दटावतोय का कबूल करतोय, ते आधी ओळखा." हे त्यांच्या अंगात इतकं मुरलंय, की घरीही 'लोक म्हणतात' चालत नाही. कोण, कधी, कुणाला म्हणालं, हे सांगितल्याशिवाय बातमी उंबऱ्याच्या आत येत नाही. एकदा वॉचमनने पाण्यावरून सेक्रेटरीला हिंदीत यथेच्छ शिव्या घातल्या. मामांनी वर सेक्रेटरीकडे जाऊन कळवलं, की टाकी रिकामी असल्याचं वॉचमन तिसऱ्यांदा आणि नाइलाजाने सांगतोय. तासाभरात टँकर आला. मामी जाऊन सहा वर्षं झाली, तरी बाजारात मामा भाजीवाल्याला सांगतात, की वांगी देठ बघून घ्यावीत असं ती म्हणाली होती.

आमच्याकडे आल्यावर त्यांनी आधी बायकोला तिचं वाक्य पुन्हा म्हणायला लावलं, मग मला माझं. माझं ऐकून त्यांनी चष्मा काढून बराच वेळ पुसला. मग मला घेऊन रिक्षाने इंद्रलोकला गेले. भाचीने विनंती केली होती, आमच्या जावईबापूंनी त्या विनंतीची तक्रार करून टाकली, आणि हे ते स्वतः कबूल करतायत, असं त्यांनी व्याह्यांना शांतपणे सांगितलं. मी मान डोलावली. त्यावर व्याही पंधरा मिनिटं ओरडले. आमच्या शब्दाला किंमत नाही, घरात म्हातारं माणूस आहे याची कुणाला पडलीय, असलं बरंच काही. मी चपला कुठे काढल्यात ते बघू लागलो होतो. मामा मात्र गुडघ्यांवर हात ठेवून ऐकत होते. व्याही थांबल्यावर म्हणाले, "आईंना संध्याकाळ झेपत नाही का?"

व्याह्यांचा आवाज एकदम खाली आला. आई नव्वदीच्या. सकाळी ठीक असतात, दिवस कलला की माणसं ओळखू येत नाहीत. नातवाचा साखरपुडा आहे हे त्यांना कळावं, म्हणून बाराची वेळ. त्या ओरडण्यातली विनवणी शेजारी बसून मला ऐकू आली नव्हती.

घरी येऊन मामांनी बायकोला एवढंच सांगितलं, की व्याह्यांनी विनवलंय, बारालाच ठेवा, आणि का ते सांगितलं. तिने तिथल्या तिथे रत्नागिरीला फोन लावला आणि सगळ्यांना आदल्या दिवशीच यायला सांगितलं. लेक उठून चहा टाकायला गेली. चहा झाल्यावर मी मामांना जेसल पार्कला सोडून आलो. कठड्याला धरून ते एकेक पायरी चढत गेले, आणि वर कुलूप उघडल्याचा आवाज मला खालपर्यंत आला.

परतल्यावर मी बायकोला सगळं रंगवून सांगितलं. व्याही काय म्हणाले, त्यांची आई, मामांचा तो प्रश्न. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, मामा स्वतःचं काही बोलले का, येताना, जाताना? मी बराच वेळ आठवत राहिलो. काही आठवेना.

"रविवारी त्यांना जेवायला बोलवू," ती म्हणाली. "आणि तुम्ही मध्ये बोलू नका. त्यांना बोलू दे."