शुक्रवारची गोळी

माझ्या धाकट्या लेकीला एका जागी बसवणं आमच्या घरात कुणालाच जमलं नव्हतं. कोथिंबीर आणायला पाठवावं, तर अर्ध्या तासानं ही मांजराचं पिल्लू घेऊन दारात हजर. कोथिंबिरीचं विचारलं की माझ्याकडंच अशी बघायची, जशी मीच काहीतरी भलतं विचारतेय. माझे मालक शिंपी, घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं दुकान. तिथले बटणांचे डबे तिनं इतक्यांदा एकत्र केले, की शेवटी त्यांनी बटणं निवडणंच सोडलं. सासूबाई म्हणायच्या, "पोरीच्या पायाला भिंगरी हाय." मी तिला मारलंही आहे. लिहायला लाज वाटते, पण मारलं आहे.

ही ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. आज याला एडीएचडी म्हणतात. तेव्हा कोल्हापुरात आमच्या ओळखीपाळखीत कुणी हे नाव ऐकलेलं नव्हतं. ती दुसरीत असताना शाळेतल्या बाई म्हणाल्या, "हिला घरीच ठेवा, ही चाळीस पोरांना बसू देत न्हाय." तेव्हा मालक तिला मिरजेला एका मुलांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. पोरगी वात्रट नाही, तिचं मन टिकत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. मालक गोळ्यांची बाटली आणि एक चिठ्ठी घेऊन परतले. चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'रोज सकाळी एक. रविवारी बंद.'

मी ती चिठ्ठी स्वयंपाकघरात खिळ्याला टोचली. रोज सकाळी गुळाच्या खड्याबरोबर गोळी द्यायची आणि रविवारी बाटलीला हातही लावायचा नाही. औषधालाही एक दिवस विश्रांती लागत असेल, अंगाला बाधत असेल, अशी मी माझी समजूत करून घेतली होती. मी सातवी शिकलेली बाई, तेव्हा मला माझ्या समजुतींचा फार अभिमान होता.

गोळी लागू पडली. ती ओळ पुरी लिहू लागली, पाटी न फोडता घरी आणू लागली. शुक्रवारी तर घरात इतकी शांतता असायची की सासूबाई खूश. आलेला पाहुणा म्हणायचा, "काय गुणाची पोर हाय." मालक नमाजाहून आले की आम्ही सगळे एकत्र जेवायला बसायचो. आठवड्यातून तेवढा एकच दिवस मटण. पण ही दोन घास खाऊन ताटात बोटानं रेघा ओढत बसायची. मला राग यायचा. माझ्या हातच्या रश्श्याला गल्ली नावाजते आणि माझ्याच लेकीला तो गोड लागत नाही, हे मनाला फार लागायचं.

आणि मग बाईंनी पुन्हा बोलावून घेतलं. "इतर दिवशी पोरगी सोन्यासारखी. रविवारीच हिच्या अंगात येतं. काल एकीची वेणी बाकाला बांधली. हे असंच चाललं तर ईदनंतर पाठवू नका."

मी मान खाली घालून ऐकलं. परत येताना लेकीनं माझं बोट धरलं होतं आणि ती फरशीच्या रेघा चुकवत उड्या मारत होती. शाळा सुटली तर ती काय करील, ते मला दिसत होतं. सासूबाईंच्या हाताखाली भांडी घासत राहील आणि रोज बोलणी खाईल. घरी आले, चिठ्ठीसमोर उभी राहिले आणि 'रविवारी बंद' पुन्हा वाचलं.

लेकीची शाळा उर्दू. तिथं शुक्रवारी सुट्टी असायची आणि रविवारी शाळा भरायची.

मी तशीच दुकानात गेले. "डॉक्टरांनी रविवारीच का बंद सांगितली, ते इचारलं न्हाईसा?"

मालक मशीन थांबवून म्हणाले, "त्यात काय इचारायचं? शाळेला सुट्टी असती म्हणून."

"आणि आपल्या शाळेला सुट्टी कवा असती?"

त्यांनी कात्री खाली ठेवली. मग आम्ही दोघं हसायला लागलो, आणि हसता हसता मला रडू आलं. ज्या दिवशी शाळेला गरज, त्या दिवशी आम्ही पोरीला रिकामी पाठवत होतो, आणि सुट्टीच्या दिवशी घरात गप्प करून बसवत होतो.

डॉक्टरांना पत्र टाकलं, त्यांचं उत्तर आलं आणि रविवारऐवजी शुक्रवारी गोळी बंद झाली. बाईंची तक्रार थांबली, शाळा वाचली. पहिल्या बिनगोळीच्या शुक्रवारी तिनं दोन वाट्या रस्सा ओरपला आणि मटणाची नळी चोखत गल्लीभर फिरली. माझी लेक मला आठवड्यातून एकदा परत मिळायला लागली. मी त्या दिवसाची राखणदार झाले. सासूबाई म्हणायच्या, "कागलचं पावणं येणार हायती, आज दे की एक." मी सांगायचे, "गोळी शाळेची हाय, पावण्यांची न्हाय." कधी नव्हे ते मी त्यांना उलटून बोलत होते आणि मला त्याचं बरं वाटत होतं.

ईद जवळ आली तेव्हा मालकांनी तिच्यासाठी फ्रॉक शिवला. खालची दुमड तेवढी तिला हातानं शिवायला दिली. तिनंच हट्ट धरला होता. दोन शुक्रवार ती सुई-दोरा घेऊन बसली आणि चार टाके घालून उठली. तिसऱ्या शुक्रवारी मी भाकरी थापत होते, तर शेजारी येऊन उभी राहिली.

"अम्मी, मला आज गोळी दे की."

"आज शाळा न्हाय. जा, खेळ जा."

"शाळेसाठी नगो. फ्रॉकासाठी." मग हळूच म्हणाली, "मी बसती, पण माझं मनच उठून जातंय. मला पुरा करायचाय गं."

तव्यावरची भाकरी करपली. तिला गोळी नकोच असणार, शुक्रवार म्हणजे तिची सुटका, हे मीच ठरवून टाकलं होतं. तिला कुणी विचारलंच नव्हतं.

त्या दिवशी मी दिली नाही. आपल्या मनानं काही करायची हिंमत पुन्हा होत नव्हती. मालक गोळ्या आणायला मिरजेला गेले तेव्हा या खेपेला सगळं नीट विचारून आले. डॉक्टर म्हणाले होते, "तिला हवी असेल तर जरूर द्या. सकाळीच द्या, पोटभर खाऊ घालून. गोळीनं भूक मरते."

पुढच्या शुक्रवारी मी उजाडताच चूल पेटवली. सासूबाई म्हणाल्या, "सकाळी आठला मटण? येड लागलंय का हिला?" लेक दोन वाट्या रस्सा जेवली, मग तिनं स्वतःच हात पुढं केला. वर्षभर मी ती गोळी बाईंसाठी दिली, वर्गासाठी दिली, घरातल्या शांततेसाठी दिली. त्या सकाळी पहिल्यांदा लेकीसाठी दिली.

ती वडिलांच्या मशीनजवळ दुपारपर्यंत बसली. टाके वाकडेतिकडे पडले. मालकांनी त्यातला एकही उसवला नाही.

ईदच्या दिवशी तिनं गोळी घेतली नाही. तो फ्रॉक घालून गल्लीतल्या प्रत्येक घरी धावत गेली, आणि शिरखुर्म्याच्या वाटीला हात लावायच्या आधी फ्रॉकची दुमड उलटून दाखवत राहिली.