बीबीचा संपत

हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, दामूला तर नाहीच. दामू गेल्याला आता महिना होईल. त्याच्या तेराव्याला लोक आपापल्या आठवणी सांगत होते, तेव्हा मी पाणी प्यायच्या निमित्तानं उठून मागच्या अंगणात जाऊन उभा राहिलो. तिथं त्याचा जुना भोंगा आडवा पडला होता. त्याच्या तोंडात कोंबडीनं अंडं घातलं होतं. मला हसू आलं — आणि का कोण जाणे, तेव्हाच ठरलं की आता सांगायचं.

तुम्हाला दामू माहीत नसणार. अमडापूरच्या बाजारात त्याचं दुकान होतं, सायकलींचं आणि लाउडस्पीकरचं. लग्नसराईत भोंगे भाड्यानं द्यायचा, एरवी पंक्चर काढायचा आणि बोलायचा. महाराष्ट्र होऊन चार-दोन वर्षं झाली होती. धान्याची टंचाई सुरू झाली होती. ज्वारीवर लेव्ही आली, म्हणजे पिकातला वाटा सरकारला ठरल्या भावानं घालायचा; गाडीभर ज्वारी जिल्ह्याबाहेर न्यायची तर परवाना लागू लागला. दामूला या सगळ्याचा मनस्वी राग. तो म्हणायचा, "सरकारनं रस्ता करावा, चोर धरावा, अन् बाकी वेळ गप बसावं. माल तुझा, भाव तुझा. मधात हा तिसरा कोन?"

बाजाराच्या दिवशी तो आपला रेडिओ भोंग्याला जोडायचा. बातम्या आणि बाजारभाव झाले की रेडिओ बंद आणि दामू सुरू. लोक म्हणायचे, आधी खरा रेडिओ, मग दामूचा. हळूहळू त्याला वाटलं, एकट्यानं बोलण्यात मजा नाही, लोकांनी विचारलं पाहिजे. त्यानं दुसरा माइक आणला आणि कौलांवरून तार ओढून तो माझ्या वाचनालयात ठेवला. मी शाळेत मास्तर. बाजाराच्या दिवशी शाळा अर्धीच, म्हणून दुपारी वाचनालय मी उघडायचो. बाहेर बाजाराचा गलका फार, माइकमध्ये तोच जायचा. म्हणून ज्याला विचारायचं त्यानं आत यायचं, मी दार लोटून घ्यायचो, आणि तो बोलायचा. दामू बाजाराच्या दुसऱ्या टोकाला आपल्या दुकानात बसून भोंग्यातून ऐकायचा आणि उत्तर द्यायचा. त्याला विचारणारा दिसत नसे, कोणालाच दिसत नसे. फक्त आवाज.

नियम एकच होता आणि तो दामूचा होता. आधी नाव सांगायचं, मग गाव, मग बोलायचं. "ज्याले आपलं नाव सांगाची हिंमत नाही, त्याचं आपन काऊन ऐकाचं?"

किती मजा होती त्या दुपारी! एकदा एक जण आत आला, नाव-गाव सांगितलं आणि म्हणाला, "दामूभाऊ, सरकारची लेव्ही परवडली, माह्या घरात बायकोची लेव्ही हाय, तिचं काय करू?" भोंग्यातून उत्तर आलं, "ते सरकार आपल्याच्यानं नाही पडत बे. मुकाट्यानं भर." सगळा बाजार हसला.

पण बहुतेक लोक दामूची री ओढायला यायचे. हाव दामूभाऊ, बरोबर दामूभाऊ. त्याला कंटाळा यायचा. "मास्तर," तो मला म्हणाला, "कोनी भांडनारा आन ना बे. हे सारे मान हालवनारे बैल झाले."

आणि मी संपत आणला.

तुमच्या लक्षात आलं असेलच. संपत कोणी नव्हता. एका उन्हाच्या दुपारी वाचनालयात चिटपाखरू नव्हतं. मी दार लोटलं, माइकवर रुमाल धरला, आवाज थोडा घोगरा केला आणि म्हणालो, "म्या संपत, मुक्काम बीबी." बीबी हे आमच्याच जिल्ह्यातलं लांबचं गाव, तिकडची बोली जरा वेगळी, जालन्याकडं झुकलेली, आणि मला नकला येतात. मी विचारलं, तुमच्या भाव मोकळा सोडण्यानं व्यापारी जगंल, पण ज्याच्या घरी विकायला काहीच नाही त्यानं काय खायचं? मग दामू असा खुशीत आला की काय सांगू. "वा संपतराव! आता कशी मजा आली!"

तेव्हापासून संपत दर बाजाराला यायचा. लोक त्याची वाट पाहायचे. एकानं तर छातीठोक सांगितलं की आपण त्याला पाहिलाय, उंच आहे आणि कानात बाळी घालतो. यात काय वाईट झालं, असं मलाही तेव्हा वाटायचं. पण खरं सांगू? मला ते आवडू लागलं. मी आयुष्यभर हळू बोलणारा माणूस. माझं कोणी ऐकलं नव्हतं. संपतचं ऐकत होते. आणि मी दामूला निर्मळ मनानं प्रश्न विचारत नव्हतो, मी त्याच्यावर मात करू पाहत होतो. तो आवडता मित्र होता, आणि मला त्याचा हेवा वाटत होता. दोन्ही एकाच वेळी असू शकतं, नाही का?

एका बाजाराला संपत फार पुस्तकी बोलून गेला. दामू हसून म्हणाला, "संपतराव, पुस्तकं चाटून पोट भरत नाही. तुमच्यासारखा एक आमच्याकडंबी हाय, तुम्हाला माइक देनारा. विचारा त्याले, ज्वारी कोन्या महिन्यात पेरतात." लोक खो खो हसले. त्याच्या मनात काहीच नव्हतं, गंमत होती. मी दाराआड उभा होतो. ती गंमत मी पुढच्या बाजारापर्यंत उराशी धरून बसलो.

आता वहिनींबद्दल सांगायला हवं. दामूचा थोरला भाऊ लवकर गेला, तेव्हापासून त्याची बायको, कौसल्यावहिनी, दामूच्याच घरी. दामूनं लग्न केलं नाही. घर ती चालवायची, संसार त्या दोघांच्या पोटापुरता. त्या टंचाईच्या वर्षी लग्नं साधी झाली, भोंगे कोणी नेईना. आणि दामू तर माइकवर म्हणायचा, सरकारच्या दुकानाचं धान्य आपल्या घरात येणार नाही, मेलो तरी. एक दिवस त्याच्याच ताटात लाल भाकरी आली. परदेशातून आलेली ती लाल ज्वारी फक्त रेशनच्या दुकानात मिळायची. त्यानं विचारलं तेव्हा कळलं — वहिनी आपल्या मैत्रिणीबरोबर, कासाबाईबरोबर, कासाबाईच्या माहेरी पायी जात होती आणि तिच्या भावाच्या कार्डावर ती ज्वारी आणत होती. गावातल्या रांगेत उभी राहिली असती तर दिराच्या शब्दाची नाचक्की झाली असती, म्हणून. कासाबाईनं कोणाला एका अक्षरानं सांगितलं नव्हतं.

दामूनं हे मला सांगितलं. मला एकट्याला. सांगताना तो रडला. "मी भोंग्यावरून बोंबलतो मास्तर, अन् माह्या बोलन्याची इज्जत ते माय उन्हात चालून ठिवते."

आणि मी —

इथं काल मी पेन खाली ठेवलं होतं. आज पुन्हा बसलो आहे.

पुढच्या बाजाराला मी दार लोटलं, रुमाल धरला. "म्या संपत, मुक्काम बीबी. दामूभाऊ, येकच इचारतो. सरकारचं धान्य घरात येऊ द्यायचं नाही म्हणता, मग तुमच्या घरची भाकर लाल काहून? तुमची भावजय कोण्या गावच्या रांगेत हुभी ऱ्हाती?"

मी दाराच्या फटीतून पाहिलं. समोरच भाजीच्या ओळीत वहिनी उभी होती, हातात मेथीची जुडी. सगळी तोंडं तिच्याकडं वळली. तिनं जुडी नीट परत ठेवली, पदर सारखा केला आणि चालू लागली. कोणीतरी मागून ओरडलं, "लाल भाकर!" आणि काही जण हसले. ते हसणं मी ऐकलं. ते मीच तयार केलं होतं.

दामूनं फक्त एवढंच म्हटलं, "बंद करतो." पुन्हा तो कार्यक्रम कधी झाला नाही.

संध्याकाळी तो माझ्याकडं आला. रागावला नव्हता, विझला होता. "मास्तर, तू त कोनाले बोलला नाही ना?" मी म्हणालो, नाही. पाहा, किती सफाई होती त्यात. मी कोणा एकाला सांगितलंच नव्हतं. सगळ्या बाजाराला सांगितलं होतं. आणि संपत? तो तर मला विचारून आत येणारा, मला चेहऱ्यानं ठाऊक असलेला माणूस. दिसतो कसा, त्यानं विचारलं. मी म्हणालो, उंच आहे, कानात बाळी घालतो.

माझ्या त्या 'नाही'चा अर्थ एकच उरत होता. माझ्याखेरीज ही गोष्ट गावात कासाबाईलाच ठाऊक होती. वहिनीनं तिच्याशी बोलणं तोडलं. कासाबाई दोनदा दारात येऊन शपथा घेऊन गेली. वहिनी बाहेर आली नाही. लग्न होऊन गावात आल्यापासूनच्या त्या दोघी मैत्रिणी, एका विहिरीवर पाणी भरणाऱ्या. त्यानंतर वहिनी पहाटे, कोणी नसताना पाण्याला जाऊ लागली. बाजारात तर ती पुन्हा आलीच नाही. पुढं कासाबाई विधवा झाली आणि लेकीकडं वरवट बकालला निघून गेली. जाताना ती वहिनीला भेटली नाही. वहिनीनं तिला भेटू दिलं नाही.

आणि दामू एसटीत बसून बीबीला जायचा. खूपदा गेला. संपत नावाचे जे कोणी सापडले त्यांना भेटला, त्यांचा आवाज ऐकला, चहा पाजला, परत आला. मी एकदा त्याच्याबरोबरही गेलो — हो, मी गेलो, शेजारी बसून, खिडकीबाहेर पाहत. शेवटच्या आजारपणातही त्यानं विषय काढला. "तो संपत भेटला असता त मी त्याले म्हटलं असतं, गड्या, तू जितला. प्रश्न बरोबरच होता तुहा. पन एकडाव माह्या वहिनीच्या पाया पड." मी त्याचा हात धरून बसलो होतो. माझा आवाज माझ्या गळ्यात होता. मी त्याची चादर सारखी केली.

त्याला ठाऊक होतं का? हा प्रश्न मी स्वतःला पुष्कळदा विचारला आहे. ठाऊक असून त्यानं मला सांभाळलं असं मानणं फार सुखाचं आहे. म्हणूनच मी ते मानणार नाही.

आधी मनात आलं, भोंगा काढावा, पुसावा आणि बाजारात सगळं बोलून टाकावं. अंड्याच्या जागी माझी कबुली! पण मग लक्षात आलं — पुन्हा तिचीच भाकर भोंग्यावर? माझं मन हलकं व्हावं म्हणून? ते नको. माणूस आहे, दार आहे, तिथं चालत जायचं. इतकं सोपं होतं, आणि इतकी वर्षं गेली.

काल पेन ठेवलं ते त्यासाठीच. वहिनी तांदूळ निवडत बसली होती. मी उंबऱ्याशी बसलो आणि सगळं सांगितलं. घोगरा आवाज, रुमाल, सगळं. ती निवडत राहिली. खडे एका बाजूला, तांदूळ एका बाजूला. माझं संपल्यावर तिनं सूप एकदा पाखडलं. मग म्हणाली, "कासाले सांगतलं का?"

मी म्हणालो, "नाही."

"मंग इथं काऊन बसला मास्तर?"

तेवढंच. ती पुन्हा सुपाकडं वळली. मी उठलो आणि थेट एसटीच्या थांब्यावर गेलो. वाटेत गाडी बदलावी लागते, वरवट बकाल काही जवळ नाही. पण गंमत अशी की मला त्या प्रवासात झोप लागली. खिडकीच्या गजावर डोकं टेकून, तोंड उघडं टाकून झोपलो. बीबीच्या त्या फेरीनंतर मी एसटीत कधी झोपलो नव्हतो. डोळे मिटले की दामू शेजारी बसलेला असायचा. काल शेजारी कोणी अनोळखी बाई होती, तिच्या मांडीवर भोपळा होता, आणि मला कशाचीही भीती नव्हती. हे सांगायला मला लाज वाटायला हवी. वाटत नाही. हलकं वाटतं.

कासाबाईचं घर विचारत विचारत गेलो. तिला आता नीट दिसत नाही. ओसरीवर बाजेवर बसली होती, दाराकडं तोंड करून. माझी चाहूल लागताच म्हणाली, "कोन हाय?"

मी नाव सांगितलं. गाव सांगितलं. आणि मग, माझ्याच आवाजात, पुढचं सांगितलं.